विमानाची हजेरी

हजेरीपुस्तक हा मोठा फसवा ग्रंथ आहे. मास्तराने 'सतरा' म्हणावे, मागून 'हजर' असा खणखणीत आवाज यावा आणि सतराव्याचा बाक मात्र रिकामाच असावा! डोंबिवलीच्या शाळेत इतकी वर्षे काढल्यावर, आवाज आला की आधी मान वर करून बघायचे, एवढे मी शिकलो आहे.

वैमानिकांनाही उड्डाणापूर्वी अशीच हजेरी घ्यावी लागते. तिला खरा मान मिळाला तो एका अपघातानंतर. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतल्या राइट फील्डवर बोइंगचे चार इंजिनांचे नवे विमान उडाले, वर चढले आणि कोसळले. विमान उभे असताना वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून घातलेला अडसर काढायचा राहिला होता. चालवणारा मेजर प्लॉयर हिल काही नवशिका नव्हता. चांगला कसलेला वैमानिक. तो त्यात गेला. तेव्हापासून आठवणीवर विसंबणे सोडून यादी हातात घेण्याची शिस्त रुजली.

माझा एक जुना विद्यार्थी हौसेने छोटे विमान चालवतो. "अजून पाठ झाली नाही का रे यादी?" मी त्याला विचारले.

"झाली, सर. म्हणूनच वाचावी लागते."

पाठ झालेल्या ओळी तोंड म्हणते, डोळा भलतीकडेच असतो. मध्येच कोणी हाक मारली की बोट दोन ओळी खाली घसरते. त्याचेही एकदा तसेच झाले. यादी वाचताना इंधनवाला सहीसाठी आला. सही झाली आणि अडसराची ओळ राहिली. धावपट्टीच्या तोंडाशी त्याने सवयीने सुकाणू हलवून पाहिले. हलेना! पिन आतच होती. त्याने विमान बाजूला घेतले आणि यादी पहिल्यापासून वाचली.

मोठ्या विमानांतही हे घडते. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात हवेचा दाब राखणारा खटका चालू करायचा राहिला. काही प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले. विमान माघारी आणावे लागले. वैमानिक मात्र दोन होते!

विद्यार्थ्याचे वडील कल्याणला इंजिनचालक होते. सिग्नल दिसला की चालक आणि सहायक त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात, ही रेल्वेची जुनी रीत. मुलगा विमानात एकटा असतो, तरी तसेच करतो. वस्तूला हात लावायचा, नाव घ्यायचे आणि उत्तरही आपणच द्यायचे. पिन तर तो हातात घेऊन डोळ्यांसमोर धरतो.

आईला त्याने पिनेची गोष्ट अद्याप सांगितलेली नाही. त्या माउलीला दिवाळी अंकांचे भारी वेड. म्हणून त्याचे नाव मी इथे घातलेले नाही.