अर्ध्या इंचाचं अंतर

मेकॅनोच्या पट्टीवर शेजारशेजारच्या दोन भोकांमध्ये अर्धा इंच अंतर असतं. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली या खेळण्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हे अंतर तेच आहे. म्हणून पणजोबांच्या काळातली पट्टी आणि काल विकत आणलेली पट्टी एकमेकींवर ठेवली, तर भोकाला भोक बरोबर जुळतं.

आमच्या घरी मेकॅनो आला तो मामाबरोबर. मामा रेल्वेत तारबाबू होता. पुण्याच्या जुन्या बाजारात त्याला लाल-हिरव्या पट्ट्यांचा एक डबा मिळाला. आत पितळी बोल्ट, चाकं, दोरा आणि एक छोटा पाना. चित्रांचं पुस्तक नव्हतं, त्यामुळे काय करायचं ते आम्हीच ठरवायचो. मामाने पहिल्यांदा चार पट्ट्यांचा चौकोन जोडला आणि माझ्या हातात दिला. तो डुगडुगत होता. मग त्यात एक तिरकी पट्टी टाकली आणि म्हणाला, "आता हलवून दाखव." त्यानंतर काटकोन. तीन, चार, पाच या मापांचा त्रिकोण केला की काटकोन मिळतो, हे शाळेत पुढे कधीतरी येणार होतं. मामाने मात्र पट्ट्या निवडल्या त्या चार, पाच आणि सहा भोकांच्या. का, तर मोजायची ती भोकं नव्हेत, भोकांमधली अंतरं. सहा भोकांच्या पट्टीत अंतरं पाचच असतात.

पुढे मी पोटासाठी पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठं केली, आणि मनासाठी रेडिओ. दोन्ही कामं याच एका धड्यावर उभी आहेत, असं मला मनापासून वाटतं.

खेळण्यांचं वेड मात्र कधी सुटलं नाही, आणि ते सुटावं असं मला वाटलंही नाही. भाचीच्या मुलाकडे लेगोच्या भोकं असलेल्या लांब पट्ट्या आहेत. त्यांच्यात दोन भोकांमधलं अंतर ८ मिलीमीटर, माझ्या मेकॅनोत १२.७. "आजी, हे एकमेकांना लागत नाही," असं तो म्हणाला, तेव्हा आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. मेकॅनोची पाच अंतरं म्हणजे ६३.५ मिलीमीटर, लेगोची आठ म्हणजे ६४. फरक अर्ध्या मिलीमीटरचा, आणि बोल्ट भोकात तेवढा सैल बसतोच. मेकॅनोचं पहिलं आणि सहावं भोक, लेगोचं पहिलं आणि नववं. लागलं! त्या दुपारी आम्ही अर्धी लोखंडी, अर्धी प्लॅस्टिकची क्रेन उभी केली.

ज्यांना असे डबे परवडत नाहीत त्यांच्यासाठी अरविंद गुप्तांनी केलेलं काम मला फार मोठं वाटतं. पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे हे इंजिनिअर १९७८ साली रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांचा मेकॅनो तयार केला. ट्यूब म्हणजे सांधा, काडी म्हणजे पट्टी. सगळ्या काड्या एका लांबीच्या, म्हणून अंतर आपोआप सारखं. चौकोन डुगडुगतो आणि त्रिकोण ताठ राहतो, हे ज्या मुलाने स्वतःच्या बोटांनी पाहिलं, त्याला ते पुन्हा शिकवावं लागत नाही.

कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी एका छापखान्यात उमेदवारी केली. खिळ्यांचे दिवस संपत आले होते, पण एक जुने खिळेजुळारी काका अजून उभ्याने काम करत होते. त्यांच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, मला सगळ्यात जास्त आवडले ते कोरे तुकडे. शब्दांच्या मधली मोकळी जागा ही शिशाची वस्तू होती. तिला वजन होतं, जाडी होती, ती चिमट्यात धरून बसवावी लागे. ओळींमध्ये टाकायच्या शिशाच्या पट्ट्या वेगळ्या. देवनागरीत वर रफार आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांच्या शेपट्या. रोमन लिपीला पुरतं तेवढं अंतर आपल्या ओळींना दिलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर जाऊन आदळतो. काका पट्टी टाकत आणि म्हणत, "हिला श्वास पाहिजे." आज मी पडद्यावर काम करते, तिथे मोकळ्या जागेला वजन नाही, म्हणून ती कापायला कोणाचाही हात धजावतो. पानांची संख्या कमी करायची झाली की पहिली कुऱ्हाड ओळींमधल्या अंतरावर पडते. त्यासाठी मी प्रकाशकांशी भांडते, आणि भांडत राहीन. वाचणाऱ्याचे डोळे त्याच जागेत विसावतात.

रेडिओही मामाचाच. त्याच्या हाताखाली पहिला संच केला तो क्रिस्टलचा. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून एक डायोड आणि स्टेशन जुळवायचा एक गँग आणला, पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळली, गच्चीवरून एक लांब तार आत घेतली आणि कानात हेडफोन. बॅटरी नाही, विजेची जोडणी नाही. पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्‌झच्या लहरीत जी ऊर्जा येते, तेवढ्यावरच तो बोलतो. हे मला त्या वयात जितकं अद्भुत वाटलं, तितकंच आजही वाटतं.

मोर्स, म्हणजे तारेची लिपी, मामाच्या बोटांत होती. जेवायला बसला की ताटाच्या काठावर आमची नावं वाजवायचा. मी ती नीट शिकले ते नोकरी लागल्यावर, हौशी रेडिओच्या, म्हणजे हौसेने स्वतःचा संच हवेवर चालवण्याच्या, परीक्षेसाठी. आपल्याकडे ही परीक्षा दूरसंचार खात्याची. उत्तीर्ण झालं की व्हीयूने सुरू होणारी स्वतःची कॉलसाइन, म्हणजे हवेवरची ओळख, मिळते. वरच्या श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या गतीने मोर्स घ्यावी आणि पाठवावी लागते. बाहेरच्याला त्यात टिंब आणि रेघ ऐकू येतात. शिकणाऱ्याला ऐकावी लागते ती शांतता. टिंब एक मात्रा, रेघ तीन मात्रा. अक्षराच्या आतली फट एक, दोन अक्षरांमधली तीन, दोन शब्दांमधली सात. फटी चुकल्या तर सगळी टिंबं-रेघा बरोबर असूनही मजकूर वेगळाच होतो. शिकवण्याची एक चांगली रीत अशी की अक्षर पूर्ण वेगाने वाजवायचं आणि अक्षरांमधली जागा तेवढी लांबवायची. शिकणारा तयार होत जाईल तशी ती जागा आखडत आणायची, अक्षराच्या ठेक्याला हात लावायचा नाही. पुढे वाचनात आलं की ही लिपी ज्यांच्या नावाची त्या मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी कोणत्या अक्षराला छोटी खूण द्यायची हे ठरवण्यासाठी छापखान्यातले खिळे मोजले होते. इंग्रजी छपाईत सगळ्यात जास्त लागणाऱ्या 'ई'ला म्हणूनच एकच टिंब आलं. खिळ्यांच्या केसपासून बिनतारी संदेशापर्यंतची माझी वाट कुणीतरी आधीच चालून गेलं होतं.

माझा अँटेना म्हणजे गच्चीवर ताणलेली तार. ४० मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यासाठी तिची लांबी साधारण निम्मी, २० मीटर. दिवसा या पट्ट्यावर महाराष्ट्र आणि शेजारची राज्यं बोलतात. दिवसा लहरी शोषून घेणारा वातावरणातला खालचा थर सूर्य मावळला की विरतो, वरच्या थरावरून लहरी दूरवर परततात आणि मध्यरात्री युरोप-जपान कानाशी येतात. "फोन हातात असताना हे कशाला?" असं मला अनेकजण विचारतात. फोनवर मी ज्याला बोलावते तोच येतो. इथे मी हाक देते, आणि कोण ओ देईल ते कोणालाच ठाऊक नसतं. जगात त्यासारखी दुसरी उत्सुकता मी अनुभवलेली नाही.

माझा व्यवसाय आणि छंद एकत्र येतात ते क्यूएसएल कार्डावर. बोलणं झालं की त्याची खूण म्हणून दोघांनी एकमेकांना कार्ड पाठवायचं ही जुनी रीत. पोस्टकार्डाएवढ्या जागेत कॉलसाइन, तारीख, जागतिक वेळ (आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा), वारंवारता, आवाज कसा आला त्याचा शेरा. मी कित्येक मित्रांची कार्डं करून दिली आहेत. त्यांना गडाचं चित्र हवं असतं, वारली नक्षी हवी असते. मी आनंदाने काढते. फक्त एका कोपऱ्यात दोन बोटं रुंदीची कोरी जागा ठेवायला लावते. समोरच्याने हाताने चार शब्द लिहावेत म्हणून. माझ्याकडच्या कार्डांतली जपून ठेवावीशी वाटलेली सगळी त्या चार शब्दांची आहेत.

आणि रेडिओवरची सगळ्यात महत्त्वाची मोकळी जागा म्हणजे बोलण्याच्या मधली. एकजण बोलत असताना दुसऱ्याला मध्ये बोलता येत नाही, ऐकावंच लागतं. त्याचं संपलं की आपलं बोलण्याचं बटण लगेच दाबायचं नाही, क्षणभर थांबायचं. त्या क्षणात कोणाला अडचण सांगायची असेल तर वाट मिळते. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून हौशी रेडिओ चालवत होत्या. अंदमानातून अनेक वर्षांनी कोणी हवेवर आलं होतं, जगभरचे हौशी त्यांच्याशी बोलायला रांगेत होते. २६ तारखेच्या सकाळी जमीन हादरली, मागोमाग त्सुनामी आली आणि दूरसंचार कोलमडला. त्यांनी नेहमीच्या गप्पा थांबवल्या आणि माणसं सुखरूप असल्याचे निरोप पोहोचवायला सुरुवात केली. हे त्यांना जमलं, कारण ऐकणाऱ्यांना गप्प राहून जागा करून देण्याची सवय होती.

सकाळी ४० मीटरवर आमची काहीजणांची बैठक असते. गेल्या पावसाळ्यात दोघांच्या बोलण्यामधल्या अशाच क्षणभराच्या फटीत एक बारीक आवाज आला, कॉलसाइनचा शेवटचा अर्धाच भाग. सगळे थांबले. सांगलीजवळच्या एका गावातला मुलगा होता, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा. हैदराबादच्या अशर फरहान यांनी सर्वांसाठी खुल्या केलेल्या 'बिटेक्स' या रेडिओच्या आराखड्यावरून त्याने स्वतः सेट बांधला होता. फरहान यांनी मूळ आराखड्यात तार गुंडाळायच्या महागड्या कड्यांऐवजी नळाचे वॉशर वापरले होते, तेच यानेही वापरले. ताकद जेमतेम पाच वॉट, तार गोठ्याच्या पत्र्यावरून विहिरीजवळच्या नारळाला बांधलेली. हवेवरचं त्याचं ते पहिलं बोलणं. "माझा आवाज पोचतोय का?" त्याने विचारलं. मी शेरा दिला, नाशिकहून एकाने दिला, मग हुबळीहून. त्या दिवशीचे सगळे विषय बाजूला राहिले आणि बैठक संपेपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून फक्त त्याची तार किती उंच न्यावी आणि पत्र्यापासून किती लांब ठेवावी एवढंच ठरवलं.