‘चल’ म्हणायच्या आधी

कुत्रा पाळलेल्या घरात काही शब्द उघडपणे बोलायची सोय राहत नाही. ‘फिरायला’ हा त्यातला पहिला. मग त्याच्या जागी ‘वॉक’ येतो. तो कळायला लागला की ‘डब्ल्यू-ए-एल-के’ अशी अक्षरं सुटी करून बोलणं सुरू होतं आणि थोड्याच दिवसांत तीही बाद होतात. शब्द संपले तरी फरक पडत नाही, कारण कुत्र्याचं खरं लक्ष शब्दांकडे नसतंच. चपलांच्या कपाटाचं दार कुरकुरतं, किल्ल्यांचा जुडगा खुंटीवरून निघतो, पायजमा जाऊन ट्रॅकपँट चढते, चहाचा रिकामा कप सिंकमध्ये ठेवला जातो. एवढ्यात सोफ्याखाली घोरत पडलेला प्राणी दारात हजर झालेला असतो. पुढची पाच मिनिटं घरात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. तो स्वतःभोवती गरगर फिरतो, मालकाच्या कोपरापर्यंत उड्या मारतो, पट्टा दातांत धरून झटकतो आणि भुंकतो. लिफ्टमध्ये भुंकतो, वॉचमनवर भुंकतो, गेटबाहेर दिसणाऱ्या पहिल्या स्कूटरवर भुंकतो. मालक खेकसतो, ‘गप!’ कुत्र्याच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की आता साहेबही भुंकायला लागले.

हा गोंधळ कसा तयार होतो, ते सव्वाशे वर्षांपूर्वी रशियात उलगडलं. सेंट पीटर्सबर्गमध्ये इव्हान पाव्हलोव्ह कुत्र्यांच्या पचनसंस्थेवर काम करत होते. १९०४ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं तेही पचनाच्या अभ्यासासाठीच. त्यांच्या प्रयोगशाळेत एक अडचण पुन्हा पुन्हा यायची. अन्न तोंडात पडल्यावर लाळ किती सुटते हे मोजायचं होतं, पण सरावलेले कुत्रे अन्नाचं भांडं दिसलं की, किंवा अन्न आणणाऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज आला की, आधीच लाळ गाळू लागत. पाव्हलोव्ह यांनी पुढे या अडचणीलाच अभ्यासाचा विषय केलं. कोथरूडच्या किंवा ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तोच प्रयोग रोज चालू असतो. किल्ल्या वाजतात आणि दार उघडतं. सकाळ-संध्याकाळ धरली तर वर्षाला सातशेहून जास्त वेळा. एवढ्या नेमाने घोटून घेतलेला धडा कुत्र्याने विसरावा, ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

फिरायला निघण्याआधीचं भुंकणं संशोधकांनी मुद्दाम टिपूनही ठेवलं आहे. बुडापेस्टच्या विद्यापीठात पेटर पोंग्राट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मुदी’ या हंगेरियन मेंढपाळ जातीच्या कुत्र्यांचे आवाज निरनिराळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केले. अनोळखी माणूस आला तेव्हाचे, मालक कुत्र्याला झाडाला बांधून निघून गेला तेव्हाचे, चेंडू नाकापुढे धरला तेव्हाचे. एका प्रसंगात मालकाने नुसता पट्टा हातात घेऊन ‘चला, निघू या’ असा आविर्भाव करायचा होता. हे आवाज लोकांना ऐकवले. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी जन्मात कुत्रा पाळला नव्हता, त्यांनाही प्रसंग ओळखता आले. सगळे नाहीत, पण नुसत्या नशिबाने जमले असते त्यापेक्षा बरेच जास्त. खालच्या पट्टीतलं, एकामागून एक सुटणारं भुंकणं माणसांना रागाचं वाटतं, असंही या मंडळींच्या कामातून दिसलं. म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांना ‘वरचा कुत्रा फिरायला निघाला’ हे जे न बघता कळतं, त्यात नवल काही नाही.

‘अहो, खूश होतो तो,’ असं मालक कौतुकाने सांगतात. खूश असतोही. पण त्या खुशीत अंगभर ॲड्रेनलिन पसरलेलं असतं, काळीज धडधडत असतं, आणि एरवी ज्याच्यासाठी तो अर्धा तास स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहतो तो उकडलेल्या चिकनचा तुकडाही त्या क्षणी त्याला नको असतो. ही खूण अनुभवी ट्रेनर आधी बघतात. आवडीचा खाऊ नाकापुढे धरूनही कुत्रा बघत नसेल, तर त्याला या घडीला काही शिकवता येणार नाही. दूध वर आल्यावर फुंकर मारण्यापेक्षा गॅस आधीच बारीक करावा लागतो, तसं इथेही काम आधीपासून सुरू करावं लागतं. घरात चढलेला कुत्रा लिफ्टमध्ये आणखी चढतो, गेटवर आणखी, आणि कोपऱ्यावरच्या निरुपद्रवी म्हाताऱ्या पॉमेरेनियनवर सगळं एकदम निघतं.

म्हणून पहिले काही दिवस शिकवणीचा फिरण्याशी संबंधच नसतो. समजा, पुण्यातल्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावर दीड वर्षांचा बीगल आहे. दुपारी चार वाजता, फिरायची वेळ नसताना, घरातली बाई खुंटीवरचा पट्टा काढते. बीगल ताडकन उठतो, भुंकतो, दाराकडे धावतो. बाई पट्टा टेबलावर ठेवते आणि मेथीची जुडी घेऊन बसते. बीगल तिच्याकडे बघतो, दाराकडे बघतो, पुन्हा तिच्याकडे. दोन-चार वेळा भुंकून तो खाली बसतो, पण मान ताठ. तासाभराने ती बूट घालते, नाड्या बांधते आणि बूट घालूनच टीव्हीवरची मालिका बघते. मग किल्ल्या खिशात टाकून गॅलरीतले कपडे काढते. चौथ्या-पाचव्या दिवशी पट्टा निघाला तरी बीगल फक्त एक डोळा उघडतो. किल्ल्यांच्या आवाजानंतर दार उघडतंच, हा त्याचा हिशेब आता चुकायला लागलेला असतो.

दुसरा टप्पा पट्टा अडकवण्याचा. इथे घाई असलेल्या माणसाचं काम नाही, त्यामुळे सुरुवात रविवारी केलेली बरी. बाई हार्नेस घेऊन वाकते. बीगल भुंकतो, तशी ती सरळ उभी राहते, हार्नेस पाठीमागे धरते आणि छताच्या पंख्याकडे बघू लागते. ओरडणं नाही, ‘सिट’ नाही, डोळे वटारणं नाही. बीगल श्वास घ्यायला थांबतो. त्या एवढ्याशा फटीत ती पुन्हा वाकते. पुन्हा भुंकणं, पुन्हा पंखा. केव्हातरी चारही पाय जमिनीवर टेकलेले असतात, तोंड मिटलेलं असतं आणि बकल ‘टक्’ करून लागतं. दाराचंही तसंच. गप्प राहिलं तर फट वाढते, उसळी मारली तर दार मिटतं. कमी आवडीचं काम करून घ्यायला जास्त आवडीचं काम बक्षीस म्हणून वापरता येतं, हे डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलं. त्या घडीला बीगलला बिस्किटापेक्षा बाहेरचा जिना प्यारा असतो, म्हणून बक्षीसही जिनाच.

यात एक खड्डा आहे आणि बहुतेक घरं त्यात पडतात. इतके दिवस चालणारी युक्ती चालेनाशी झाली की कुत्रा ती सोडून देण्याआधी दुप्पट जोराने करून बघतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भुंकणं कमी होण्याऐवजी कानठळ्या बसतील इतकं वाढतं. ऑफिसला उशीर होत असतो, आजोबा आतून म्हणतात, ‘अरे, ने बाबा त्याला एकदाचं!’ आणि आठव्या मिनिटाला दार उघडलं जातं. कुत्र्याला त्यातून कळतं ते असं, की आठ मिनिटं भुंकावं लागतं. कधी मिळणारं, कधी न मिळणारं बक्षीस सवयीला सर्वांत चिवट बनवतं, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी दाखवून दिलं आहे. तेव्हा या आठवड्यात घरातल्या सगळ्यांचं एकमत लागतं आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवणंही चांगलं.

बीगलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते. सशामागे धावताना सतत आवाज देत राहावं, म्हणजे मागून पायी येणाऱ्या शिकाऱ्याला दिशा कळेल, यासाठीच या जातीची पैदास झाली. जर्मन शेफर्ड कळप राखणाऱ्यांच्या वंशातला. हलणारी सायकल त्याला वळवावीशी वाटते. दख्खनचा सडपातळ कारवानी धावण्यासाठी घडलेला. त्याला दोन खोल्यांत कोंडून ठेवलं की ती ऊर्जा कुठूनतरी बाहेर पडणारच. हे आवाज शून्यावर आणणं हे कुणाचंही उद्दिष्ट नसतं.

‘दमवा त्याला, म्हणजे गप्प बसेल,’ हा सल्ला सोसायटीच्या बागेत फुकट मिळतो. त्यासाठी चेंडू पन्नास वेळा फेकला जातो. कुत्रा दमतो हे खरं, पण थांबून-सुटून, थांबून-सुटून पाठलाग केल्याने त्याचा पारा चढलेलाच राहतो आणि घरी आल्यावर तो उशा फाडत बसतो. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो, पिल्लू त्याहून कितीतरी जास्त. ज्या घरात सारखी वर्दळ असते, तिथल्या कुत्र्याची झोप अपुरी राहते आणि जागरण झालेल्या मुलासारखा तोही चिडचिडा होतो.

दमवायचंच तर नाकाला दमवावं. माणसाच्या नाकात वास ओळखणारे ग्राहक पन्नास-साठ लाखांच्या आसपास असतात. कुत्र्याच्या नाकात ते वीस कोटींच्या पुढे जातात. गेटबाहेरच्या विजेच्या खांबाशी कुत्रा मिनिटभर अडून बसतो तेव्हा मालकाला वाटतं, वेळ वाया चालला. शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घरगुती कुत्र्यांचे दोन गट होते. एका गटाने दोन आठवडे रोज वासाने खाऊ शोधण्याचा सराव केला, दुसऱ्याने मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. नंतर दोन्ही गटांपुढे, आत खाऊ असेल किंवा नसेल अशा जागी एक वाडगा ठेवला. वासाचा सराव केलेले कुत्रे आता आधीपेक्षा लगबगीने त्याच्याकडे गेले, म्हणजे अधिक आशेने गेले. शिस्तीत चाललेल्यांत तसा बदल दिसला नाही. यातला घरगुती उपाय स्वस्त आहे. गेटच्या आतच, गवत असेल तिथे, मूठभर खाऊ विखरून टाकायचा आणि पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. कुत्रा नाक जमिनीला लावून फुसफुसत एकेक दाणा वेचतो. मान खाली असते आणि तोंड कामात असतं.

रस्त्यावर समोरून दुसरा कुत्रा आला की खरी परीक्षा. दूरवर लॅब्रेडोर दिसताच मालक पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन आवळतो. पट्ट्याचं ताणलेपण थेट कुत्र्याच्या छातीपर्यंत पोचतं, आणि तो ताठ होतो. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात फिरायला आलेल्या कुत्र्यांच्या भेटींचं निरीक्षण करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्यांत गुरगुरणं-धमकावणं मोकळ्या कुत्र्यांच्या सुमारे दुप्पट आढळलं. एकमेकांवर नाकासमोर सरळ चालून जाणं कुत्र्यांच्या रीतीत बसत नाही. मोकळे असले तर ते वळसा घेतात, जमीन हुंगतात, मान वळवतात, जांभई देतात. नॉर्वेच्या ट्रेनर टुरिड रुगास यांनी या हालचालींना शांततेचे इशारे म्हटलं. अरुंद फुटपाथवर, आखूड पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला यातलं काहीच करता येत नाही. मग उरतं भुंकणं.

जाणकार हँडलर म्हणून रस्ता ओलांडतो, उभ्या असलेल्या टेम्पोच्या आडोशाला जातो, किंवा सरळ मागे फिरतो. पट्टा दोन मीटरचा, आणि सैल. समोरचा कुत्रा दिसला पण भुंकण्याइतका जवळ आला नाही, अशा अंतरावर चिकनचा तुकडा. पुन्हा बघितलं, पुन्हा तुकडा. एखाद्याचं हे अंतर दहा मीटर असतं, एखाद्याचं पन्नास. काही आठवड्यांनी दुसरा कुत्रा दिसला की आपला कुत्रा आधी मालकाच्या तोंडाकडे बघतो.

आपल्याकडच्या शहरांत ही गणितं भटक्या कुत्र्यांमुळे अवघड होतात. पुस्तकातल्या रस्त्यावर प्रत्येक कुत्र्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो. इथे मंदिरामागच्या गल्लीत पाच जणांची टोळी असते, तिची हद्द पानटपरीपर्यंत, आणि तिच्या दृष्टीने घुसखोर आपणच. पळणं, दगड उचलणं, आपल्या कुत्र्याला उचलून डोक्यावर धरणं, यातलं काहीही परिस्थिती बिघडवतं. आल्या वाटेने सावकाश मागे फिरणं आणि बिस्किटं बाजूला लांब भिरकावणं बहुतेक वेळा पुरतं. त्याहून बरं म्हणजे वाट आणि वेळ बदलणं. रात्री अकराच्या सामसूम गल्लीपेक्षा सकाळी सातच्या वर्दळीत ही टोळी निवांत पडलेली असते.

गळ्याला फास बसणारी चोक-चेन अजून दुकानांत टांगलेली दिसते. तिने कुत्रा गप्प होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न आत काय होतं याचा आहे. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धाक-शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत तणावाची लक्षणं जास्त दिसली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉलही जास्त वाढलं. दुसरा मुद्दा दुखण्याचा. सहा वर्षं शहाण्यासारखा चालणारा कुत्रा अचानक सगळ्यांवर भुंकू लागला, तर ट्रेनरच्या आधी डॉक्टरला दाखवावं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये नोंदवलं, की त्यांच्यापर्यंत आलेल्या वर्तनाच्या तक्रारींपैकी, कमीत कमी धरल्या तरी, एक तृतीयांश तक्रारींमागे काही ना काही वेदना होती. कानातला संसर्ग, दुखरा दात, आखडलेली कंबर. यांचं दुखणं पट्ट्याच्या प्रत्येक हिसक्याला वाढतं.

आपला तिसऱ्या मजल्यावरचा बीगल महिन्याभरात पूर्ण सुधारला, असं म्हणायचं कारण नाही. कबुतरांवर तो भुंकतोच. पण सकाळचं निघणं बदललं आहे. हार्नेस दिसला की तो येऊन पुढ्यात बसतो, शेपटीने फरशी झाडत. दार उघडतं, दोघं जिन्याने उतरतात, अर्ध्या तासाने परत येतात. परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जाळीचं दार उघडून तिला अडवलं.

‘काय गं, बरं नाही का त्याला? चार दिवस आवाज नाही.’

‘बरा आहे की, काकू.’

‘मग फिरायला नेत नाहीस वाटतं?’

‘आत्ताच नेऊन आणलं.’

काकूंनी खाली बघितलं. बीगल त्यांच्या पायपुसण्याचा मन लावून वास घेत होता. ‘डॉक्टरला दाखव हो एकदा,’ काकू म्हणाल्या आणि त्याच्यासाठी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणायला आत गेल्या.