घरातली वाट

पोलादाच्या कारखान्यात माणसाने कोठून चालावे हे ठरलेले असते. जमिनीवर पिवळे पट्टे आखलेले असतात आणि त्यांच्यामधली जागा पायी चालणाऱ्याची असते. तेथे कोणी लोखंडाचा तुकडा टाकला किंवा तेलाचा डबा विसरला, तर त्याला तत्काळ हटकले जाते. जिने आणि वाटा मोकळ्या ठेवण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमातही होते. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. त्यामुळे या नव्या नगरीत मराठी कुटुंबे येणे ओघानेच आले. देशाच्या रेल्वेसाठी लांबच लांब रूळ येथल्या कामगारांनी घडवले. आपल्या घरातली वाट मात्र आखायची राहून गेली.

सेक्टरमधल्या क्वार्टरची बैठक म्हणजे एका संसाराचा इतिहासच. पहिल्या बोनसातून घेतलेला सोफा, मधोमध काचेचा टीपॉय, भिंतीशी दिवाण, कोपऱ्यात शोकेस. त्यात मुलांचे चषक आणि एखाद्या घरी रशियन तंत्रज्ञाने जाताना दिलेली, पोटात पोट असलेली लाकडी बाहुली. निवृत्तीनंतर कोणी नेहरूनगरात घर केले, कोणी स्मृतीनगरात. सामान तेच तेथे गेले. वस्तू वाढत गेल्या, खोली तेवढीच राहिली. पाय धड आहेत तोवर याचे काही वाटत नाही. टीपॉयचा कोपरा कोठे येतो हे नडगीला पाठ असते आणि कंबर आपोआप वळते.

मग गुडघ्याची शस्त्रक्रिया होते, हातात वॉकर येतो. त्याची रुंदी सुमारे दोन फूट. सोफा आणि टीपॉय यांच्यातली फट जेमतेम दीड फूट. आजोबा बैठकीत येईनासे होतात. "इथेच बरे आहे," असे ते आतल्या खोलीतून म्हणतात. घरच्यांना वाटते, वयाने माणूस अबोल झाला. वाट बंद झाली आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तेही ते सांगत नाहीत. ज्याने आयुष्यभर भट्टीसमोर काम केले, त्याने टीपॉयबद्दल काय तक्रार करायची?

खरे तर मोजपट्टी घेतली की अर्धे काम होते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि तेथून बैठकीपर्यंत तीन फूट रुंदीची सलग वाट हवी. चाकाची खुर्ची वळवायची तर सुमारे पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते. सतरंजीची दुमडलेली कड आणि जमिनीवरून गेलेली वायर ही दोन्ही रात्रीच्या अंधारात घात करतात. म्हातारपणी पडण्याने खुब्याचे हाड मोडले, तर पुढचे महिने अंथरुणात जातात. बुटक्या, मऊ सोफ्यातून उठणे कष्टाचे. त्यापेक्षा हातांची, गुडघ्याइतक्या उंचीची साधी खुर्ची बरी. दृष्टी अधू असेल, तर एकदा लावलेले सामान पुन्हा हलवू नये, कारण त्या माणसाने खोली पाठ केलेली असते.

जुन्या मराठी घरांत उंबरठे उंच होते, ही गोष्ट खरी. पण पाट जेवणानंतर भिंतीला टेकत, अंथरुणे सकाळी गुंडाळली जात, कपडे खुंटीवर आणि दिवा कोनाड्यात असे. दिवसभर माजघराची जमीन मोकळी राही.

टीपॉय सहज निघतो. वाद होतो तो शोकेसवरून. "अहो, ते मुळीच हलायचे नाही," असे आजी बजावतात, आणि त्यांचेही चुकत नाही. त्या काचेमागे त्यांचीही तीस वर्षे आहेत. शेवटी शोकेस आतल्या भिंतीशी जाते. बाहुली तेवढी खिडकीत, आजोबांच्या खुर्चीजवळ येते. पाहुण्यांचे चहाचे कप स्टुलावर ठेवले जातात. सतरंजी गुंडाळून पलंगाखाली जाते. दिवाळीत ती पुन्हा अंथरायची की नाही, यावर मात्र घरात एकमत होत नाही.