दुखापतीची बातमी आणि आपण

डोळा आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपली वडीलमंडळी म्हणत. आता त्या चार बोटांत मोबाईल येऊन बसला आहे. आपल्या बेने-इस्राएल घरांत क्रिकेटचे वेड जुने. दिमोना, बीर शेवा, अश्दोद येथे आपली मुले या देशातही बॅट घेऊन मैदानात उतरली. त्यामुळे भारताचा एखादा खेळाडू जखमी झाला, की आपल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत बातम्यांचा पाऊस पडतो. आम्ही आयुष्यभर परिचारिकेचे काम केले, म्हणून ओळखीची माणसे आम्हाला विचारतात, "सिस्टर, हे खरे का?" त्यासाठी हे चार शब्द.

२५ ऑक्टोबर २०२५ रोजी सिडनीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकदिवसीय सामना होता. आपल्या मुंबईच्या श्रेयस अय्यरने मागे धावत जाऊन अ‍ॅलेक्स केरीचा झेल घेतला आणि तो डाव्या कुशीवर आपटला. तो दिवस शब्बाथचा. संध्याकाळी मोबाईल उघडले तेव्हा डाव्या बरगड्यांना मार बसला आहे, एवढेच कळले. २७ तारखेला भारतीय क्रिकेट मंडळाने जाहीर केले की, स्कॅनमध्ये प्लीहेला, म्हणजे पाणथरीला जखम दिसली असून प्रकृती स्थिर आहे. झाले! आमच्या गटात एकाने त्याला मरणाच्या दारात नेऊन ठेवले. दुसऱ्याने लिहिले, "आधी बरगडी म्हणाले, आता पाणथरी म्हणतात. नक्की काहीतरी लपवतात."

लपविण्यासारखे त्यात काही नव्हते. पाणथरी डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांच्या आड असते. तेथे मार बसला की आधी बरगडीच दुखते. आत रक्त हळूहळू झिरपत असेल, तर सुरुवातीला नाडी आणि रक्तदाब ठीकही असू शकतात. स्कॅन झाल्याशिवाय खरे समजत नाही. पहिल्या दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी दुसरे सांगितले, तर तो तपासाचा क्रम झाला, खोटेपणा नव्हे. उलट खेळाडू मैदानाबाहेर पोहोचण्याआधीच ज्याला सर्व काही ठाऊक असते, त्याच्याविषयी शंका घ्यावी. श्रेयसला १ नोव्हेंबरला रुग्णालयातून सोडले.

शब्दांनीही घोटाळा होतो. आयसीयू म्हटले की लोक हाय खातात. पण ज्याच्यावर घटकेघटकेला नजर ठेवायची, त्यालाही तेथे ठेवतात. तसेच 'स्थिर' म्हणजे बरा झाला असे नाही. नाडी, श्वास, रक्तदाब यांत मोठा चढउतार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वॉर्डात पाळी बदलताना आम्ही पुढच्या सिस्टरला रोग्याची हकीकत देत असू. तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागत: स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून कळलेले आणि नुसता अंदाज. शिवाय वेळ लिहावी लागे. हीच चाळण बातमीला लावावी. सांगणारा तेथे होता काय? संघाच्या डॉक्टरचे किंवा मंडळाचे नाव खाली आहे काय? तारीख कोणती? फोटो आजचा की मागच्या दुखापतीचा? आणि ही बातमी पसरून कोणाचा फायदा? खेळावर पैजा लावणाऱ्यांना अशा बातम्या हव्याच असतात.

ओळखीचा माणूस सांगतो, एवढ्यावरही विसंबू नये. २३ ऑगस्ट २०२३ रोजी झिंबाब्वेचा माजी कर्णधार हीथ स्ट्रीक वारल्याची बातमी जगभर गेली. ती देणाऱ्यांत त्याचा जुना सहकारी हेन्री ओलोंगाही होता. त्याने काही वाईट चिंतले नव्हते. पण स्ट्रीक जिवंत होता आणि त्याने स्वतःच तसे कळविले. तो कर्करोगाने आजारी होता. ३ सप्टेंबरला खरोखर वारला. अखेरच्या थोड्या दिवसांत त्या रोग्याला आपल्याच मृत्यूची बातमी खोडून काढावी लागली.

हे केवळ मोठ्या खेळाडूंचे नाही. काही वर्षांमागे आमच्या गावातल्या एका मुलाला सामन्यात चेंडू कपाळावर लागला. रुग्णवाहिका दवाखान्यात पोहोचण्याआधीच "मुलगा बेशुद्ध, आशा कमी, प्रार्थना करा" असा निरोप गटात फिरला. त्याची आई कामावर होती. तिने तो तेथेच वाचला. आम्ही तिच्यासोबत जाऊन बसलो. डॉक्टर बाहेर येईपर्यंत तिच्या हातात पाण्याचा पेला ठरत नव्हता. मुलाला सहा टाके पडले, एक रात्र देखरेखीखाली ठेवले आणि दुसऱ्या दिवशी तो घरी आला. निरोप लिहिणाऱ्याला मुलाची काळजीच होती. पण अजूनही अवेळी फोन वाजला की ती बाई दचकते.

तेव्हा वाचकहो, बातमी आली की ती लगेच पुढे ढकलू नये. खरी असेल तर उद्या सकाळीही ती खरीच राहील, आणि तोवर कोणीतरी नावानिशी सांगितलेही असेल. जखमी मूल आपल्यातले असेल, तर गटात एक अक्षरही लिहू नये. त्याच्या घरी फोन करावा, जवळ राहत असाल तर चालत जावे. त्या घरात तेव्हा माणसाची गरज असते.