संगनमत आणि कानाडोळा

पोलिसांच्या फिर्यादीत ‘आपसात संगनमत करून’ हे शब्द इतक्या वेळा येतात, की उपसंपादकाची बोटं ते न बघता टाइप करतात. मग इंग्रजी कॉपीत कोल्यूजन असो, कन्स्पिरसी असो की कनाय्व्हन्स, मराठीत येताना सगळ्यांचं संगनमत होतं. कोर्टाच्या बातम्या मराठीत आणताना माझा बराच वेळ हे संगनमत फोडण्यात जातो.

पतसंस्थेतला सोनेतारण घोटाळा घ्या. कर्जदार तांब्यावर मुलामा दिलेल्या बांगड्या आणतो, सराफ बावीस कॅरेटचा दाखला देतो, व्यवस्थापक कर्ज मंजूर करतो. तिघांचं हे आधी ठरलं असेल, तर तो कट, म्हणजे कन्स्पिरसी. भारतीय दंड संहितेत १९१३ साली १२०-अ आणि १२०-ब ही कलमं घातली गेली, तेव्हापासून गुन्हा करायचं एकमेकांत ठरवणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे, मग तिजोरीतून एक रुपयाही हललेला नसो. भारतीय न्याय संहितेत आता ते कलम ६१ आहे. म्हणून ‘कट रचला’ लिहिण्याआधी मी आरोपपत्रात ते कलम लागलंय का, हे पाहतो.

आता संस्थेचे अध्यक्ष. लेखापरीक्षकाने बांगड्यांवर शेरा मारला. अध्यक्षांनी तो वाचला, खाली सही केली आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, कोणाशी काही ठरवलं नाही. इंग्रजी कॉपी इथे कनाय्व्हन्स म्हणते. त्या शब्दाचं लॅटिन मूळ डोळे मिटण्याचं आहे, त्यामुळे आपला ‘कानाडोळा’ त्याला चपखल बसतो. इंग्रजी बोलणारेही हा शब्द डाव रचण्याच्या अर्थाने सर्रास वापरतात, तिथूनच घोळ सुरू होतो. कायद्यात मात्र जुना अर्थ टिकून आहे. चेक बाउन्स झाला, की कंपनीच्या संचालकाला ज्या कलमाखाली ओढतात, त्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १४१ मध्ये संमती, कानाडोळा आणि हयगय यांचा वेगवेगळा उल्लेख आहे. शेरा कळूनही गप्प बसणं वेगळं आणि न वाचताच सही ठोकणं वेगळं.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये तर कनाय्व्हन्स आणि कोल्यूजन हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी भेटतात. व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मागणाऱ्याने त्या व्यभिचाराकडे कानाडोळा केलेला नसावा, ही एक अट. नवरा-बायकोने आतून संधान बांधून अर्ज रेटलेला नसावा, ही दुसरी. पहिल्या अटीत एक जण पाहूनही गप्प आहे. दुसरीत दोघं वरवर भांडत कोर्टाला बनवताहेत. कोल्यूजनचा गाभा बहुतेक वेळा इथेच सापडतो: बाहेरून परस्परांविरुद्ध उभे, आतून हातमिळवणी. सरकारी निविदेत स्पर्धक म्हणून उतरणारे, पण दर आधीच ठरवून आलेले ठेकेदार हेच करतात. २००२ च्या स्पर्धा कायद्याने त्यावर बोट ठेवलं आहे. ‘संगनमत’ हा शब्द मी अशा प्रसंगांसाठी राखून ठेवतो.

हा फरक नुसता कोशातला नाही, हे २०१९ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेच्या रशियाशी असलेल्या संबंधांचा तपास करणारे विशेष वकील रॉबर्ट मुलर यांच्या अहवालाच्या वेळी दिसलं. अमेरिकेतली माध्यमं तोवर अखंड कोल्यूजन म्हणत होती. अहवालाने मात्र हा शब्द संघीय फौजदारी कायद्यातला नाही असं सांगून कन्स्पिरसीची कसोटी लावली, आणि ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने रशियन सरकारशी मिळून कट केल्याचं तपासातून सिद्ध होत नाही, असं म्हटलं. याचं मराठी ‘संगनमत झालंच नाही’ असं केलं, की अहवालात नसलेलं वाक्य त्याच्या तोंडी घातलं जातं.

इंग्रजी कॉपीच मोघम असेल, तर मी नाम सोडून क्रियापद धरतो: ‘आधी ठरवलं’, ‘हातमिळवणी केली’, ‘माहीत असून बोलले नाहीत’. मथळा लांबतो, पान लावणारा कुरकुरतो. पण आरोप सिद्ध व्हायच्या आधीच अध्यक्षांना कटवाले ठरवणं आपलं काम नाही. आणि ठेवीदारालाही आपले पैसे बुडवले कोणी आणि ते बुडताना बघत कोण बसलं, हे वेगवेगळं कळायला हवं असतं.