संकासुर काय चोरतो?

घाट उतरून कुडाळ तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिक्षक म्हणून आलो, तेव्हा मला मालवणी कळत नव्हती आणि दशावतार म्हणजे विष्णूचे दहा अवतार, एवढंच ठाऊक होतं. पहिल्याच कार्तिकात शेजाऱ्यांनी जत्रेतला दशावतारी खेळ पाहायला नेलं. देवळासमोर एक लाकडी बाकडं, मागे पडदा, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. रात्रभरात त्याच बाकड्याचा राजवाडा झाला आणि अरण्यही झालं. संहिता कुणाच्या हातात नव्हती. उभ्या उभ्या संवाद रचले जात होते. लाकडी मुखवट्याचा गणपती येऊन गेला, शारदा येऊन गेली आणि मग वेद पळवणारा संकासुर आला. काळा वेश, तोंडावर काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ. पोरं आधी आयांच्या पदराआड गेली आणि पाचच मिनिटांत तीच पोरं हसून लोळायला लागली, कारण हा राक्षस अस्सल मालवणीत गाववाल्यांचीच फिरकी घेत होता.

शाळेत मात्र स्नेहसंमेलनाचे पोशाख भाड्याने यायचे. मावळ्याची पगडी, परीचे पंख, वासुदेवाची टोपी. कपडा मुलाच्या मापाचा कधीच नसायचा. मुलालाच सेफ्टी पिना लावून त्यात बसवायचं, आणि कार्यक्रम संपताच ‘डाग पाडू नकोस रे’ म्हणत सोलून काढायचं. दोन वर्षं हे पाहिल्यावर मी ठरवलं, यंदा आठवीच्या बत्तीस जणांनी आपले वेश आपणच करायचे. विषय अर्थातच संकासुर.

दसरा झाल्यावर कामाला लागलो. मी उत्साहात एक झकास चित्र काढलं, त्यावरून शाडूचे चार साचे केले आणि मुलांना कागदाचे थर द्यायला बसवलं. साच्याला चिकटू नये म्हणून पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेला. मग मैद्याची खळ लावून एक थर वर्तमानपत्राचा, एक कोऱ्या कागदाचा, असे सात. आलटून पालटून दिले की थर मोजायला चुकत नाही. कीड-बुरशी लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी, आणि पोरं त्याच हातांनी डबा खाणार, म्हणून मी टाळलं. परतीच्या पावसाने त्याची किंमत वसूल केली. तीन मुखवट्यांवर हिरवी लव उगवली. बाकीचे मात्र सुबक झाले. सगळ्यांच्या भुवया माझ्या चित्रातल्यासारख्याच वळलेल्या.

गावातले एक वयस्क दशावतारी काका तेव्हा घरीच होते. मोसम सुरू व्हायला पंधरा दिवस होते आणि त्यांचं आपल्या मुकुटाला नवी बेगड लावणं चाललं होतं. त्यांना मी मुद्दाम शाळेत बोलावलं. कौतुक होईल, ही आशा होतीच. त्यांनी ओळीने मांडलेले मुखवटे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले आणि म्हणाले, “मास्तरानू, ह्ये सगळे एकाच आवशीचे झील दिसतत. नि आवस खयची, ता सांगूक नको.”

वर्ग खो खो हसला. मला तोवर झील म्हणजे मुलगा आणि आवस म्हणजे आई, एवढी मालवणी येत होती. कान लाल झाले.

काकांनी मग आपली पेटी उघडली. त्यांच्या कंपनीत ज्याचा त्याने रंग लावायचा, ज्याचा त्याने वेश सांभाळायचा. हातभर अंतरावर छोटा आरसा धरून ते मुलांसमोर रंगायला बसले. भुवई ओढताना मधेच थांबून त्यांनी मागच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, “तुका थंयसून दिसता काय?” तो नाही म्हणाला. रेघ दुप्पट जाड झाली. त्यांनी लाकडी गदा एकाच्या हातात दिली. ती इतकी हलकी, की तो फसकन हसला. काका म्हणाले, “गदा जड नसताच. घेणाऱ्यान ती जड करूची आसता.” आणि तीच गदा त्यांनी अशी उचलली की त्यांचा खांदा कलला आणि मांडी थरथरली. पुढचा आठवडाभर वर्गात पट्ट्या, डबे, डस्टर, सगळंच जड झालं होतं.

निघताना एका मुलीने त्यांना अडवलं. “काकानू, संकासुरान वेदच कित्याक चोरल्यान?”

“तेव्हा तीच मोठी वस्तू होती.”

“मग आता आयलो तर काय चोरतलो?”

काका हसले. “ता तू सांग. सोंग तुझा.”

दुसऱ्या दिवशी मी टबात पाणी भरलं आणि ते सगळे मुखवटे फाडून भिजत घातले. दोन दिवसांनी त्यांचा लगदा झाला. फळ्यावर नवं चित्र काढलं नाही. एवढंच लिहिलं : तुझो संकासुर काय चोरता? ‘झो’ बरोबर आहे की नाही, हे मुलांनाच विचारलं.

पहिल्या दिवशी उत्तरं टीव्हीवरची आली. सोनं, बँक, पृथ्वी. मी काही बोललो नाही, फक्त सांगितलं की बाजारातून काही आणायचं नाही. घर, परसू आणि बाग यांत मिळेल तेवढंच. हात सामानात गेले तशी उत्तरं बदलली. पोफळीची विरी मुळातच वाकलेली असते. ती चेहऱ्यावर धरून पाहता पाहता एकाला माकड दिसलं. त्याचा संकासुर बागेतले नारळ आणि केळी चोरणारा झाला, काथ्याची शेपटी आणि दात करवंटीचे. मोबाइलची रेंज चोरणारा एक झाला, त्याच्या डोक्यावर छत्रीच्या काड्या. एकीचा संकासुर झोप चोरायचा. तिची आई पहाटे चारला उठून मासे घ्यायला बंदरावर जायची. तिने मुखवट्याला डोळेच उघडे ठेवले नाहीत, पापण्यांवर मात्र आईच्या जुन्या साडीचे काठ लावले. एरवी वर्गात हजेरीपुरतं बोलणाऱ्या एकाने आंब्याच्या रिकाम्या खोक्याचा चौकोनी चेहरा केला. हा काय चोरतो, विचारलं. “माणसा,” तो म्हणाला. “आंबे जातत तेंच्या पाठसून माणसा पण मुंबैक जातत.” मी पुढे काही विचारलं नाही. खोक्यावरची छापील अक्षरं रंगवून झाकायची का, एवढंच विचारलं. नको म्हणाला.

हे काम सुरू होण्याआधी मी या मुलांना जवळच्याच पिंगुळीत नेलं होतं. तिथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या त्यांनी पाहिल्या, टाळ्या वाजवल्या, परतताना भेळ खाल्ली. सहल चांगली झाली. पण स्वतः खळीत कोपरापर्यंत हात घातल्यावर यांचे प्रश्न वेगळे झाले. चामड्याच्या बाहुलीला ती भोकं नेमकी तिथंच का होती, हे एकीने आता, दोन महिन्यांनी, विचारलं.

रंगीत तालमीत फजिती झाली. संकासुर एकमेकांवर आदळू लागले. “सर, दिसणा नाय!” मुखवट्याचे रंगवलेले डोळे वेगळे आणि आतल्या माणसाला दिसण्याची भोकं वेगळी, हे मी सांगायला विसरलो होतो. मग प्रत्येकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर सुतळीने मोजलं. बत्तीस जणांची मापं लिहून घेतली आणि त्या मापाने नाकपुड्यांत, भुवयांखाली, दातांच्या फटीत भोकं पाडली. झोप चोरणारीने साडीच्या काठातली वीण जरा उसवली आणि तिथून पाहिलं.

संमेलनाच्या रात्री वेश सुबक दिसत नव्हते. खळीचे ओघळ होते, एका शिंगाला सेलोटेप होती. पण प्रत्येक जण बाकड्यावर चढून आपल्या चोरीची कबुली आपल्या भाषेत देत होता आणि संवाद मी एकालाही लिहून दिला नव्हता. रेंज चोरणाऱ्याने सरपंचांकडे बोट दाखवलं तेव्हा मांडव हसला. आंब्याच्या खोक्याने “माणसा” म्हटलं तेव्हा बायका हसायच्या थांबल्या. काका तेव्हा कुठल्याशा जत्रेत रंगलेले असणार. त्यांना हे पाहता आलं नाही.

शेवटचा संकासुर उतरला आणि विंगेत मी मुखवटे मोजायला घेतले. तेहतीस भरले. जास्तीच्या मुखवट्याला तारेचा चष्मा होता, कानावर खोचलेली पेन्सिल होती, आणि वीतभर लाल जिभेवर माझं रोजचं वाक्य लिहिलं होतं : पुन्हा काढ.

“ह्यो काय चोरता?” मी विचारलं.

“भुवयो,” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे फुटले.

त्यांनी तो माझ्या तोंडावर बांधला आणि मला बाकड्याकडे ढकललं. समोर काळोख. भोकं पाडताना त्यांनी आपलीच सुतळी वापरली होती. माझं माप कुणी घेतलंच नव्हतं.

“दिसणा नाय रे,” मी म्हणालो. तेवढ्यावरच मांडवात पहिला हशा पिकला.