मुक्या लोखंडाची साक्ष

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्क हे प्राचीन नगर आहे. रोमनांनी वसविलेले हे नगर इ. स. ८६६ मध्ये व्हायकिंगांच्या हाती गेले. त्याच्या अरुंद गल्ल्यांतून हिंडताना प्रवासी कॉपरगेट नावाच्या रस्त्यावर येतो. या नावाचा तांब्याशी संबंध नाही. लाकडी पेले घडविणाऱ्या कारागिरांची ही जुनी गल्ली होय.

१९७६ ते १९८१ या काळात येथे मोठे उत्खनन झाले. ते आटोपल्यावर नव्या बांधकामासाठी जमीन उकरली जात असता, १२ मे १९८२ रोजी, यंत्राचे टोक एका कठीण वस्तूवर आदळले. फळ्यांनी बांधून काढलेल्या एका खड्ड्यात लोखंडी शिरस्त्राण पडलेले होते! आज ते यॉर्कशायर म्युझियममध्ये पाहावयास मिळते. गालांवर झुलणाऱ्या पट्ट्या, मानेवर बारीक कड्यांची जाळी आणि नाकावर उतरणारी नक्षीदार पट्टी, असे त्याचे रूप आहे.

आता प्रश्न येतो तो वयाचा. हे शिरस्त्राण कधी घडविले गेले, हे लोखंडाकडे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी निरनिराळे साक्षीदार शोधावे लागतात. यॉर्कच्या शिरस्त्राणाला असे दोन साक्षीदार लाभले. त्याच्या माथ्यावरील पितळी पट्टीवर लॅटिन भाषेत ख्रिस्ती प्रार्थना कोरलेली असून तीत ‘ओसहेरे’ हे नाव आहे. नाकाच्या पट्टीवर एकमेकांत गुंतलेल्या प्राण्यांची नक्षी आहे. कोरीव अक्षरांचे वळण आणि या नक्षीची घडण यांवरून विद्वानांनी त्याचा काळ सुमारे इ. स. ७५० ते ७७५ असा ठरविला. म्हणजे व्हायकिंगांनी यॉर्क घेतले, त्याच्या शंभर वर्षे आधीचे हे अँग्लो-सॅक्सन शिरस्त्राण आहे.

परंतु ज्या शिरस्त्राणावर नाव नाही, अक्षर नाही, नक्षीही नाही, त्याने काय करावे? यॉर्कच्या उत्तरेस टीस नदीच्या काठी यार्म हे गाव आहे. १९५० नंतरच्या दशकात तेथे सांडपाण्याच्या नळांसाठी चर खणताना मजुरांना एक गंजलेले, साधे शिरस्त्राण सापडले. त्याचे वय निश्चित होण्यास २०२० साल उजाडले. डरहॅम विद्यापीठाचे ख्रिस केपल यांनी त्याचे लोखंड, रिव्हेट आणि गंज यांची बारकाईने तपासणी केली. ते आधी पाण्याने भरलेल्या जमिनीत सुरक्षित राहिले आणि पुढे गंजू लागले, हे गंजाच्याच अभ्यासातून दिसून आले. डोळ्यांभोवतीच्या चष्म्यासारख्या मुखवट्याला जोड सापडली ती नॉर्वेत, १९४३ मध्ये गेर्मुंडबू येथे मिळालेल्या शिरस्त्राणात. अखेर ते दहाव्या शतकातील, व्हायकिंगांच्या अमलातील असल्याचे ठरले.

या दोन्हीपैकी एकाही व्हायकिंग शिरस्त्राणाला शिंगे नाहीत! मुलांच्या चित्रांत दिसणारी शिंगे मुख्यतः १८७६ साली वाग्नर यांच्या संगीतिकांसाठी कार्ल एमिल डोप्लर यांनी केलेल्या वेषभूषेमुळे रूढ झाली. शिंगांची खरी शिरस्त्राणे १९४२ मध्ये डेन्मार्कमधील व्हेक्सो येथे सापडली. पण ती कांस्ययुगातील, इ. स. पूर्व ९०० च्या सुमाराची, व्हायकिंगांहून सुमारे सतराशे वर्षे जुनी आहेत. वय चुकले की वस्तूचा धनीही चुकतो, तो असा.

यार्मचे शिरस्त्राण आता स्टॉक्टनजवळच्या प्रेस्टन पार्क म्युझियममध्ये आहे. यॉर्कला जाणाऱ्या प्रवाशाने ओसहेरेचे नाव वाचून झाल्यावर सवड काढून तेथवर अवश्य जावे. ते डोक्यावर घालणाऱ्याचे नाव कळत नाही; परंतु तो कोणत्या काळी जगला, एवढे त्याच्या गंजलेल्या लोखंडाने आपल्याला सांगितले आहे.